न फोडलेली खोकी

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, आणि मी दोन-अडीच वर्षं कोंबडीच्या सूपच्या वड्या विकत हिंडलो. सांगलीजवळच्या एका खेड्यातले आम्ही शेतकरी जैन. दिवस मावळायच्या आत ताटावरून उठणारे. घरी मी ‘मसाल्याची एजन्सी’ एवढंच सांगितलं होतं. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, ‘पोरगा मसाल्यात आहे.’ एक माणूस सोडला तर हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. पण आज सांगायला बसलोय ते हे नव्हे. याच्याशिवाय अनुबाई कळणार नाहीत, म्हणून आधी सांगून टाकलं.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. शिरवळपासून कराडपर्यंतची हायवेवरची हॉटेलं माझ्याकडे होती. वडी बोटाच्या पेराएवढी, चांदीच्या कागदात गुंडाळलेली. माझं बोलणं पाठ होतं: ‘कोंबडी आणायला नको, सोलायला नको, चुलीपाशी घाम गाळायला नको. फळीवर ठेवा, वर्षभर काही होत नाही. गिऱ्हाईक आलं की उकळतं पाणी ओता, तीन मिनिटांत सूप.’ शिरवळला वडी लगेच चालली. तिथे कारखान्यांतले साहेब लोक जेवायला यायचे, त्यांना जेवणाआधी सूप लागायचं. अडलं ते उंब्रजला, नानांच्या खानावळीत. कारण तिथे मागच्या चुलीपाशी अनुबाई होत्या.

आमच्या भागात कोंबडी आधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून नुसती शिजवतात. तिचं जे पाणी उतरतं ते अळणी. चटणी-मसाला त्यानंतर. तिखट पडायच्या आत वाटीभर अळणी काढून घरातल्या म्हाताऱ्यांना, लेकरांना, आजाऱ्याला द्यायची पद्धत. नानांच्या खानावळीतलं अळणी असं होतं की आसपासच्या गावांतून बाळंतिणींसाठी डबे यायचे. गावातले डॉक्टर गोळ्या लिहून झाल्या की वर म्हणायचे, ‘आणि नानांकडचं अळणी द्या चार दिवस.’ नानांकडचं म्हणायचे सगळे. करणारीचं नाव कुणी घेत नसे.

अनुबाई पन्नाशीच्या, उंच, हाडकुळ्या. कपाळावर गोंदण. कधी घाईने चालल्या नाहीत. अळणी त्या तोंडाने चाखायच्या नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट बुडवून एकमेकांवर चोळायच्या आणि हळूच सोडवायच्या. ‘बोटाला बोट चिकटाय पायजे. न्हाई चिकटलं तर त्ये अजून पानीच हाय.’ त्यासाठी कोंबडीचे पाय लागत. लोक फेकून देतात ते पाय त्या जाळावर धरून, साल ओढून पातेल्यात टाकायच्या. पोल्ट्रीची कोंबडी तेव्हा नुकतीच सगळीकडे झाली होती. लोक तिला ‘बॉयलर’ म्हणत, अनुबाई ‘कापसाची’ म्हणत. ‘चालली न्हाई, पळली न्हाई, जल्मात कुनासंगं भांडली न्हाई. तिच्या हाडात काय असनार?’

आणि त्या लसूण ठेचायच्या ते ऐकण्यासारखं असे. एकेक पाकळी खलात टाकताना एकेकाचं नाव घ्यायच्या. ‘ही शाळंतल्या मास्तराला. वरनं पानी वतायचा वंजळीत.’ ठक्. ‘ही माज्या थोरल्या दिराला.’ ठक्. ‘ही त्या येस्टीच्या कंडक्टरला.’

‘मावशी, कंडक्टरने काय केलं?’ मी विचारलं.

‘हात दावला तर थांबला न्हाई.’

‘कधी?’

‘झाली की धा-बारा वर्सं.’

‘मग आता विसरा.’

‘का इसरायचं? त्यो इसरलाय न्हवं, मग कुनीतरी ध्यानात ठिवाय नगं?’

एकदा एका ट्रक ड्रायव्हरने वाटी ढकलून ‘हे काय, नुसतं पाणी दिलंय’ म्हटलं. अनुबाईंनी वाटी उचलून आत नेली. सात-आठ महिन्यांनी तोच माणूस पुन्हा आला, थंडीत कुडकुडत. त्यांनी आतूनच ओळखला. वाटी भरून हळद घातलेलं कढत पाणी स्वतः नेऊन दिलं. तो फुंकर घालून प्यायला आणि चक्रावून बघायला लागला. ‘मागल्या खेपंला तुमी म्हनलासा त्येच दिलंया,’ त्या म्हणाल्या. मग अर्ध्या तासाने खरी वाटी पाठवली. फुकट. शिक्षा झाली की हिशेब संपला, असं त्यांचं होतं. शिक्षा व्हायच्या आधी मात्र संपत नसे.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या खोटेपणामुळे. मी नानांना वडीचं गुणगान ऐकवत होतो. मी स्वतः रोज पितो, वगैरे. अनुबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी मागे हात धुवायला गेलो तेव्हा म्हणाल्या,

‘सांगलीकर, तुमी ही वडी कवा चाखलीच न्हाई. व्हय का न्हाई?’

मी हसण्यावारी नेलं.

‘तुमी वास बी घेत न्हाई. पेला पुढं करताना नाक मागं घेता. मी बगितलंय.’

का कोण जाणे, त्या बाईपुढे मला खोटं रेटता आलं नाही. सांगून टाकलं. जैन आहे, घरी माहीत नाही, कळलं तर आई अन्न सोडेल. त्या पोटभर हसल्या. कोंबडी न खाणारा कोंबडी विकतो, याची त्यांना भारी गंमत वाटली. मग हसू पुसून म्हणाल्या, ‘बरं. न्हाई सांगत कुनाला.’ आणि थोड्या वेळाने, चुलीत लाकूड सारत, ‘माजं बी एक झाकून हाय. मी औंधाकडची, नानांच्या सासुरवाडीच्या वळकीची, हितवर समद्यांस्नी ठावं हाय. फुडचं कुनी इचारलं न्हाई. आमी बौद्ध. माज्या सासऱ्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. नाना म्हनले, मावशी, गप ऱ्हावा, धंद्याचा प्रश्न हाय. म्हनून गप हाय.’

‘मी कशाला कुणाला सांगू?’ मी म्हणालो.

हे शब्द माझेच आहेत. मी ते बदललेले नाहीत.

पुढे चार-पाच महिन्यांनी आमचे वरचे साहेब पुण्याहून माझ्याबरोबर लाइनवर आले. उंब्रजला अजून ऑर्डर का नाही, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. बाजाराचा दिवस, खानावळ भरलेली. पहिल्या बाकावर अप्पा बसलेले. अप्पा म्हणजे गावातले वजनदार बागायतदार. ते हॉटेलात यायचे, पण पाणी आणि अळणी प्यायला स्वतःचा स्टीलचा पेला धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणायचे. दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावायचं नाही, हा त्यांचा नेम सगळ्यांना माहीत होता. साहेबांनी मला सूप करून दाखवायला सांगितलं. मी पाणी उकळलं, वड्या सोडल्या, पेले भरले. लोक प्यायले, माना हलवल्या. नाना विरघळत होते. तेवढ्यात अनुबाई बाहेर आल्या, एका पेल्यात दोन बोटं बुडवली, चोळली.

‘चिकटत न्हाई, नाना.’

‘मावशी, नंतर,’ नाना पुटपुटले.

‘ह्यात कोंबडी न्हाई. कोंबडीनं ह्यात पाय बी धुतला न्हाई.’

अख्खी खानावळ हसली. अप्पांना ठसका लागला. साहेबांचा चेहरा उतरला. परतताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, ‘एका भांडेवालीने तुमची लाइन अडवून धरलीय, आणि तुम्ही बघत उभे राहता.’

लक्षात घ्या, त्या दिवशीसुद्धा अनुबाईंनी माझं गुपित फोडलं नव्हतं. ‘ह्यो सवताच पीत न्हाई’ असं एक वाक्य त्या बोलल्या असत्या तर माझी नोकरी तिथेच गेली असती. त्या आपल्या अळण्यासाठी भांडल्या, माझ्या मुळावर आल्या नाहीत. हे मला त्याच वेळी कळत होतं. कळत असूनही मी चार दिवस मनात धुमसत राहिलो. त्या खलात नावं कुटायच्या. मी एकच नाव कुटत होतो.

पाचव्या दिवशी उंब्रजला गेलो. अप्पा बाहेरच्या बाकावर एकटे होते, पेला शेजारी ठेवलेला. मी जवळ बसलो, पाऊसपाणी बोललो. मग म्हणालो, ‘अप्पा, पेला एवढा जपून घरून आणता, पण अळण्याचं पातेलं कुणाचं, हे कधी विचारलंत का नानांना?’

‘म्हंजी?’

‘काही नाही. मावशी औंधाकडच्या कुणाच्यातल्या, एवढं विचारा.’

एवढंच. आवाजही चढवला नाही. उठताना अप्पांच्या पायाला हात लावून उठलो.

दोन दिवसांत गावभर झालं. डबे यायचे थांबले. अप्पा नानांना सगळ्यांदेखत म्हणाले, ‘आमचा धरम बुडीवला गड्या तू.’ नाना वाईट माणूस नव्हते, पण कणा नसलेले होते. त्यांनी अनुबाईंना काढलं नाही. चुलीवरून उठवून मागे भांडी घासायच्या दगडावर बसवलं. आणि मला फोन केला. ‘सांगलीकर, खोकी पाठवा. आता कंपनीचंच सूप द्यायचं. वडीला जात नसते बाबा.’ बारा खोकी. माझी सगळ्यात मोठी ऑर्डर; वर नमुन्याच्या सुट्या वड्यांची पिशवी फुकट. दारात पाटी लागली: येथे कंपनीचे चिकन सूप मिळेल. साहेबांनी पाठ थोपटली.

खोकी पोचवायला गेलो तेव्हा अनुबाई राखेने पातेलं घासत होत्या. वर बघितलं नाही. मी ‘मावशी’ म्हणालो. त्या घासत राहिल्या. नाना सोडले तर माझ्याशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. मला अपेक्षा होती की शिव्या देतील, निदान माझं बिंग फोडतील. तसं काही झालं नाही, म्हणून मी सुटलो असं समजलो. त्या बाईला दीड वर्ष ओळखत असून असं समजलो.

पुढचे सात महिने मला एक कोडं सुटत नव्हतं. खानावळीत रोज सूप जातंय, लोक तारीफ करतायत, डबे पुन्हा यायला लागलेत, आणि नानांची दुसरी ऑर्डर येत नाही. अप्पांना टायफॉईड झाला, तर त्यांच्या घरी सव्वा महिना रोज कंपनीच्या सूपचा डबा गेला, असंही ऐकलं. मग बारा खोकी अजून संपली कशी नाहीत? साहेबांनी विचारलं तेव्हा मी बघायला गेलो.

बाजाराचाच दिवस होता. अप्पा आजारातून उठून पहिल्यांदा आले होते, गालफडं बसलेली. मला बघून त्यांनी हाक मारली. ‘या सांगलीकर! लोकांनू, ह्या मानसाच्या वडीनं मला उबा केला. पोटात पानी ठरत न्हवतं, डाक्टरनं आशा सोडलेली. ह्ये सूप तेवडं ठरलं.’

लोकांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी नमस्कारही केला.

तेव्हा अनुबाई मागून आल्या. डोक्यावर एकावर एक दोन खोकी. ती अप्पांच्या पुढ्यात ठेवली, आत गेल्या, आणखी दोन आणली. तशा सहा खेपा. नाना गल्ल्यावरून उठले आणि परत बसले. बारा खोकी रचून झाल्यावर पदराला हात पुसत त्या म्हणाल्या,

‘बगा अप्पा. चिकटपट्टी बगा. एक तरी फोडलीया का?’

अप्पांनी वरच्या खोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्यावरून फिरवला.

‘मंग मी प्यालो त्ये...’

‘नमुन्याच्या सुट्या वड्या व्हत्या, त्येंचं सूप पंधरा दिवस बी चाललं न्हाई. लोक वाट्या तशाच ठिवून जायाला लागले. नाना दगडापाशी आले, म्हनले, मावशी, करा तुमीच, कंपनीचं म्हनून देऊ. म्या म्हनलं, करते. पर एक बी वडी फोडायची न्हाई, समदी खोकी जपून ठिवायची. सात म्हैनं ह्या गावानं माज्या हातचं पेलंय. तुमी तर सव्वा म्हैना त्याच्यावरच जगला.’ त्या थोड्या वाकल्या. आवाज अगदी मऊ होता. ‘आता तुमीच सांगा समद्यांस्नी. बाटला, का बरं झाला?’

‘नाना, खरं हाय ह्ये?’ अप्पा म्हणाले.

नाना पंख्याकडे बघत होते.

‘इचारलं त्याचं उत्तर द्या की, अप्पा. दोन्हीपैकी एक कायतरी झालंच असंल.’

अप्पा उठले. दाराबाहेर गेले, पायऱ्या उतरले, हायवेच्या कडेने चालायला लागले. चपला आतच राहिल्या. कुणीतरी त्या घेऊन मागे धावलं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

अनुबाईंनी त्यांच्याकडे शेवटपर्यंत बघितलं. मग चुलीकडे गेल्या, वाटी भरली आणि माझ्यासमोर ठेवली.

‘घ्या सांगलीकर. तुमी रोज पेता न्हवं?’

सगळे माझ्याकडे बघत होते. वाटीतून वाफ येत होती. नाही म्हटलं असतं तर त्यांच्या हातचं नको म्हणणाऱ्यांत मी गेलो असतो, तेही त्या घटकेला, त्या माणसांसमोर. खरं कारण सांगितलं असतं तर नोकरी, घर, आई. एवढा वेळ माझ्याकडे कधीच कुणी बघितलं नव्हतं. त्या घाई करत नव्हत्या. पदर खोचून उभ्या होत्या, बोटं चोळत.

मी प्यालो. अख्खी वाटी.

ते पश्चात्तापाने प्यालो असतो तर आज लिहायला हलकं वाटलं असतं. मी भीतीने प्यालो. आणि खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो: ते चांगलं होतं. आजारी माणूस त्यावर का जगेल, ते मला दुसऱ्या घोटाला कळलं. बाकीच्यांना दिसलं ते एवढंच, की सूप विकणारा एक माणूस सूप पितोय. त्यात नवल ते काय. तिथे काय घडत होतं हे आम्हां दोघांनाच माहीत होतं.

वाटी उचलताना त्या मला ऐकू येईल एवढंच बोलल्या. ‘आता तुमाला झाकून ठिवायला आनी एक झालं.’

त्याच दुपारी त्या स्वतःचं पातेलं घेऊन निघून गेल्या. नानांनी पाया पडून थांबवायचा प्रयत्न केला म्हणतात. मी संध्याकाळी घरी पोचलो तर आई ताट वाढून दारात उभी होती. ‘लवकर ये, दिवस मावळतोय.’ मी हात धुतले आणि जेवलो. आई जाईपर्यंत तिला सांगितलं नाही.

महिन्याभरात मी ती नोकरी सोडली. आता सांगलीत माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. आमच्यातलं कुणी हे वाचलं तर त्यांना वाटेल की मला ती वाटी छळते. ती छळत नाही. ती मला दिलेली शिक्षा होती आणि मी ती भोगली. छळतं ते बाकावरचं माझं बोलणं, ‘एवढं विचारा’ म्हणून उठताना अप्पांच्या पायाला लावलेला हात. त्याला अनुबाईंनी शिक्षा दिली, पण मी तो गुन्हा त्यांच्यासमोर तोंडाने कबूल केला नव्हता. ड्रायव्हरला अर्ध्या तासाने खरी वाटी मिळाली होती, ती मलाही मिळेल असं मला वाटत राहिलं.

चार-पाच वर्षांनी, दशक संपता संपता, सांगलीत एका मोठ्या दवाखान्यासमोर मला एक पाटी दिसली. हातगाडा, त्यावर मोठं पातेलं, आणि वर लाल अक्षरांत: अनुसया कांबळे यांचे अळणी. पूर्ण नाव, आडनावासकट, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढं. रोग्यांच्या नातेवाइकांची रांग लागली होती. खेड्यातले, शहरातले, इस्त्रीच्या कपड्यांतले, धोतरातले. अनुबाईंचे केस पांढरे झाले होते.

मी रांगेत उभा राहिलो. पुढचा माणूस डबा पुढे करून म्हणाला, ‘अळणी द्या.’

‘कुनाचं?’

‘आं?’

‘कुनाचं अळणी पायजे? वर लिवलंय.’

तो पाटी वाचून म्हणाला, ‘अनुसया कांबळे यांचं.’ तेव्हा त्यांनी डबा भरला. प्रत्येकाला तेच. नाव उच्चारल्याशिवाय पळी पातेल्यात जात नव्हती. एक बाई संकोचून हळू बोलली, तर ‘ऐकू न्हाई आलं’ म्हणून तिला परत म्हणायला लावलं. रोजच्या गिऱ्हाइकांना सवय झाली होती; ते लांबूनच ओरडत होते.

माझी पाळी आली. त्यांनी वर बघितलं. ओळखलं, यात शंका नाही. त्या माणूस विसरत नसत. माझ्या हातात डबा नव्हता. रांगेत उभ्या उभ्या मी काय बोलायचं ते तीन वेळा मनात म्हटलं होतं.

‘मावशी, ते मी...’

‘अळणी पायजे?’

‘नाही. मला फक्त...’

‘मंग रांग सोडा,’ त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघत पळी उचलली. ‘बोला पावनं. कुनाचं?’